परभाषेचे गुण



वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना तत्त्वज्ञान, इतिहास, राजकारण अशा भारदस्त विषयांची सवय आहे. आजचा माझा विषय त्या पंक्तीत बसणारा नाही. तो साधा व्यवहाराचा आहे. आपल्या हुन्नराच्या बळावर परदेशी जाऊन स्थायिक होऊ पाहणाऱ्या माणसाला व्हिशाच्या अर्जात परभाषेच्या ज्ञानाचा उपयोग किती होतो, कसा होतो आणि कोठवर होतो, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु ज्या घरातले कोणी परदेशी गेलेले नाही किंवा जाऊ म्हणत नाही, अशी घरे आज या मंडपात थोडीच असतील. या घरांतून मी पाहतो ते असे की, अर्जासाठी कर्ज काढले जाते, दागिने गहाण पडतात, एजंटाच्या पायऱ्या झिजतात. आणि त्या साऱ्या अर्जात जी एकच गोष्ट अर्जदाराच्या स्वतःच्या हातात असते, ती भाषा मात्र शेवटच्या तीन महिन्यांवर ढकलली जाते. म्हणून हा विषय मी निवडला.

आपल्या मुलांनी परदेशी जावे की जाऊ नये, हा वाद मी आज उकरून काढणार नाही. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. जाणारा जाणार आहे हे गृहीत धरू, आणि तो पुरता तयार होऊन कसा जाईल ते पाहू.

प्रथम थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय आजच्या नियमांचे मर्म कळावयाचे नाही. परदेशच्या दारावर भाषेची परीक्षा प्रथम बसली ती माणसाला आत घेण्यासाठी नव्हे, बाहेर ठेवण्यासाठी. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ साली कायदा केला, की येणाऱ्याने आपला अर्ज एखाद्या युरोपीय भाषेत लिहून दाखवला पाहिजे. कायद्यात हिंदी माणसाचे नाव कोठेही नव्हते. पण रोख त्याच्यावरच होता. हीच युक्ती ऑस्ट्रेलियाने १९०१ साली उचलली. बंदरात उतरणाऱ्या माणसाला अधिकाऱ्याने पन्नास शब्दांचा उतारा सांगावा आणि त्याने तो लिहून दाखवावा. आणि भाषा कोणती, ते अधिकाऱ्याने ठरवावे! समोरच्या माणसाला इंग्रजी येते असे दिसले, तर उतारा दुसऱ्या एखाद्या भाषेत काढता येत असे. १९०९ नंतर या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही, यावरून परीक्षेचा हेतू स्पष्ट होतो.

१९३४ साली एगॉन किश हा प्रागचा पत्रकार तेथे गेला. तो अनेक भाषा जाणणारा होता. तेव्हा त्याला अडवण्यासाठी अधिकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला उतारा काढला! प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायासनापुढे गेले, आणि कायद्याच्या दृष्टीने ही युरोपीय भाषा ठरत नाही असा निवाडा होऊन किश सुटला. ही परीक्षा अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. ज्या देशाने १९५८ पर्यंत भाषेची अशी फाटकबंदी केली होती, तोच देश आज मराठी जाणणाऱ्या माणसाला त्या ज्ञानाबद्दल गुण देतो, हे मी पुढे सांगणार आहे.

कॅनडाने १९६७ साली गुणांची पद्धत सुरू केली. माणूस कोणत्या वंशाचा, कोणत्या देशाचा, हे पाहावयाचे नाही. त्याचे शिक्षण, वय, व्यवसाय आणि भाषा यांना गुण द्यावयाचे आणि बेरजेवर निवड करावयाची. निरनिराळ्या रूपांत ही पद्धत पुढे इतर देशांनीही घेतली. आता या रकान्यांकडे अर्जदाराच्या दृष्टीने पाहा. वय त्याच्या हातात नाही. ते दरवर्षी त्याच्याविरुद्धच जाते. पदवी बहुधा होऊन गेलेली असते. अनुभव काळाच्या गतीनेच वाढतो. राहता राहिली भाषा. मेहनतीने वाढवता येईल असा रकाना बहुतेकांच्या बाबतीत हा एकच असतो.

हे गणित कॅनडाच्या उदाहरणाने उलगडून दाखवतो. कॅनडात २०१५ पासून ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ नावाची पद्धत आहे. मी जे आकडे देतो ते २०२५ साली लागू असलेल्या कोष्टकाचे आहेत. समजा, एक तीस वर्षांचा अविवाहित अभियंता आहे. चार वर्षांची पदवी आणि येथला तीन वर्षांहून अधिक अनुभव त्याच्यापाशी आहे. त्याचे इंग्रजी बरे आहे, पण चोख नाही. कॅनडाच्या मोजपट्टीवर चारही अंगांत, म्हणजे वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण यांत, तो आठव्या पायरीवर आहे. वयाचे १०५, पदवीचे १२०, इंग्रजीचे ९२, पदवी व भाषा यांच्या जोडीचे १३ आणि अनुभव व भाषा यांच्या जोडीचे २५, अशी त्याची बेरीज ३५५ होते. आता तोच मुलगा चारही अंगांत नवव्या पायरीवर गेला असे धरा. इंग्रजीचे ९२ होते त्यांचे १२४ होतात, १३ चे २५ होतात आणि २५ चे ५० होतात. बेरीज ४२४. एका पायरीने ६९ गुण वाढले!

आणि ही पायरी केवढी? आयेल्ट्स परीक्षेच्या भाषेत बोलायचे तर वाचन, लेखन, संभाषण यांत साडेसहाचे सात आणि श्रवणात साडेसाताचे आठ. प्रत्येक अंगात अवघा अर्धा बँड. मात्र चारही अंगांत तो साधला पाहिजे. तीन अंगे वर आणि लेखन तेवढे खाली, असे झाले की जोडीचे गुण वाढतच नाहीत. आपली मुले बहुधा लेखनातच अडकतात. इंग्रजी माध्यमात शिकलो, कचेरीत दिवसभर इंग्रजीच लिहितो, मग तयारी कसली, असा त्यांचा समज असतो. कचेरीतली चार ओळींची पत्रे लिहिणे वेगळे, आणि एका प्रश्नाचा सुसूत्र ऊहापोह करणारा निबंध ठराविक वेळात लिहिणे वेगळे. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, तिसरी भाषा शिकावयाला निघण्यापूर्वी दुसरी भाषा पक्की करा. आपल्याला परकी वाटत नाही अशी परकी भाषा इंग्रजी हीच आहे, आणि सर्वांत जास्त गुण तीच मिळवून देते.

त्यानंतर फ्रेंच. हाच अभियंता फ्रेंचमध्ये चारही अंगांत सातव्या पायरीवर पोचला, तर दुसऱ्या राजभाषेचे १२ आणि त्यावर अधिकाचे ५० असे ६२ गुण मिळून त्याची बेरीज ४८६ होते. पण खरा लाभ या ६२ गुणांतही नाही. २०२३ पासून कॅनडा फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी निवडीच्या स्वतंत्र फेऱ्या काढतो. २०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस अशा एका फेरीत ३३६ गुणांपर्यंतच्या उमेदवारांना आमंत्रण गेले. त्याच आठवड्यातल्या सर्वसाधारण फेरीत शेवटचा आकडा ५३४ होता. एकाच देशाच्या दाराला दोन उंबरठे, आणि त्यांत जवळजवळ दोनशे गुणांचा फरक.

हा फरक कशासाठी, असा प्रश्न विचारला पाहिजे. कॅनडाच्या इंग्रजीभाषक प्रांतांतून पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच बोलणाऱ्या वस्त्या आहेत. क्वेबेकबाहेरच्या त्या वस्त्यांचे प्रमाण घटत चालले आहे. त्यांच्या शाळा, दवाखाने, सभागृहे टिकायची तर माणसे पाहिजेत. म्हणून क्वेबेकबाहेर येणाऱ्या नव्या रहिवाशांत फ्रेंचभाषकांचे प्रमाण २०२४ साली शेकडा ६, २०२५ साली ७ आणि २०२६ साली ८ असावे, असे उद्दिष्ट त्या सरकारने २०२३ साली ठरवले होते. म्हणजे ६२ गुण हे काही फ्रेंच व्याकरणाचे बक्षीस नव्हे; एक भाषा जगवण्यासाठी एका राष्ट्राने मागितलेली ती मदत आहे. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सूत्र येथेच आहे. कोणताही देश भाषेला गुण देतो तो आपली गरज ओळखून देतो. ती गरज ज्याने ओळखली, त्याला कोणती भाषा शिकावी आणि किती शिकावी हे आपोआप कळते.

आता ऑस्ट्रेलिया. तेथे अर्ज करण्यासाठी किमान ६५ गुण लागतात. प्रत्यक्ष आमंत्रण बहुधा त्याहून बऱ्याच वरच्यांना मिळते. इंग्रजी कामापुरते असेल तर शून्य गुण, चांगले असेल तर १०, आणि उत्तम असेल तर २०. परंतु याखेरीज ५ गुणांचा आणखी एक रकाना आहे, आणि तो आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. तेथे १९७७ साली स्थापन झालेली ‘नाटी’ नावाची दुभाष्यांची परीक्षक संस्था एक परीक्षा घेते. तेथील रहिवाशांच्या घरांतून ज्या भाषा बोलल्या जातात, त्यांपैकी एका भाषेत आणि इंग्रजीत दुभाष्याचे काम करून दाखवावयाचे. या भाषांच्या यादीत मराठी आहे. आपल्या आईची भाषा परदेशच्या दारात परभाषा म्हणून उभी राहते आणि आपल्याला गुण देते, अशी ही गंमत आहे.

मराठी काय, ती तर आपल्याला येतेच, असे म्हणून आपली मुले या परीक्षेला बसतात आणि पुष्कळ वेळा तेथेच घसरतात. परीक्षेचे स्वरूप असे. दोन संवाद असतात, प्रत्येकी सुमारे तीनशे शब्दांचे. एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी. पस्तीस शब्दांपर्यंतचा एकेक तुकडा ऐकावयाचा आणि लगेच दुसऱ्या भाषेत सांगावयाचा. एकूण गुण ९०. उत्तीर्ण होण्यास ६३ लागतात, आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी निदान २९ हवेत. विषय रोजच्या जगण्यातले: दवाखाना, घरभाडे, विमा, नोकरी, मुलांची शाळा, पोलीस, कोर्ट. सुटलेला आकडा, गाळलेली तारीख, उलटलेला अर्थ यांचे गुण कापले जातात.

आता कल्पना करा. दवाखान्यात एक वृद्ध बाई म्हणते, “डॉक्टर, दोन दिवस अंगात कणकण आहे, सकाळी उठले की घेरी येते, आणि रात्री जीव घाबरा होतो.” कणकण म्हणजे भरलेला ताप नव्हे, घेरी म्हणजे अशक्तपणा नव्हे, जीव घाबरा होणे म्हणजे भीती वाटणे नव्हे. या तीन शब्दांत डॉक्टरला हवे ते सारे आहे, आणि दुभाष्याने त्यांतला एक जरी चुकवला तरी औषध चुकायचे. उलट बाजूने, घरमालकाचा प्रतिनिधी इंग्रजीत सांगतो, की अनामत रकमेतून दुरुस्तीचा खर्च वजा होईल आणि करार मोडल्यास चार आठवड्यांची सूचना द्यावी लागेल. ‘अनामत’, ‘वजा’, ‘सूचना’ हे शब्द ज्या मुलाच्या ओठांवर कधी आलेच नाहीत, तो तेथे अडखळतो. घरात अर्धे इंग्रजी आणि अर्धे मराठी बोलण्याची जी सवय आपण कौतुकाने लावली, तिची किंमत त्याला तेथे मोजावी लागते. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद रोज मोठ्याने वाचावा, तो मिटून इंग्रजीत सांगावा, आणि मग उलट करावे. आजीच्या दुखण्याची हकीकत तिच्याच शब्दांत ऐकावी. या परीक्षेला याहून चांगला अभ्यास नाही.

येथेही गरज कोणाची ते पाहा. परक्या देशात म्हातारपणी मुलाकडे राहावयास गेलेल्या एखाद्या आजोबांना आपले दुखणे सांगता येत नाही. अशा वेळी शेजारी दोन्ही भाषा जाणणारा कोणी असावा, ही त्या समाजाची गरज आहे. या परीक्षेने कोणी धंद्याने दुभाषी होत नाही, हेही लक्षात ठेवावे. पण चांगला शेजारी होण्याची पात्रता तिने खचित तपासली जाते.

जर्मनीची गोष्ट निराळी आहे. तेथे गुणांपेक्षा काम बोलते. २०२४ च्या जूनपासून त्यांनी काम शोधण्यासाठी वर्षभर येऊ देणारे एक ‘संधिपत्र’ सुरू केले. त्यास गुणपद्धतीत सहा गुण लागतात, आणि त्यांपैकी जर्मनच्या ए-टू पातळीला एक, बी-वनला दोन, बी-टूला तीन असे गुण आहेत. इंग्रजी फार चांगले असेल तर त्याचा एक. म्हणजे बी-टूपर्यंत जर्मन शिकलेल्याने निम्मी वाट घरबसल्या चालून टाकली. निळे कार्ड घेऊन गेलेल्या पदवीधराला कायमचा परवाना सत्तावीस महिन्यांनी मिळू शकतो. त्याचे जर्मन बी-वनपर्यंत असेल तर एकवीस महिन्यांनी. आणि परिचारिका व्हावयाचे असेल तर बहुतेक ठिकाणी बी-टूशिवाय पूर्ण मान्यताच मिळत नाही. डॉक्टरला त्यावर वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा द्यावी लागते. हे योग्यच आहे. रात्री दोन वाजता रुग्णाने कण्हत काही सांगितले, तर ते परिचारिकेला त्याच्याच भाषेत कळले पाहिजे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला कुशल कामगार पुरवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ साली करार केला, तेव्हा प्रथम मुलांना जर्मन शिकवण्याचा प्रश्न पुढे आला, तो याचमुळे.

जपानविषयी थोडक्यात सांगतो. तेथे उच्च कौशल्याच्या लोकांसाठी २०१२ पासून गुणपद्धत आहे. ७० गुण लागतात, आणि जपानी भाषेच्या एन-वन परीक्षेचे १५, एन-टूचे १० गुण मिळतात. ८० गुण असणाऱ्याला कायम वास्तव्याचा अर्ज एका वर्षातच करता येतो. जपानीची ही परीक्षा आपल्या पुण्यात होते. फ्रेंचसाठी आलियाँस फ्रांसेझ, जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन, आणि विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, अशी सोय पुण्यात आहे. तेव्हा शिकावयास जागा नाही, ही सबब पुण्याच्या परिसरात तरी चालावयाची नाही.

सबब असते ती वेळेची. तर वेळेचाही हिशेब करू. शून्यापासून फ्रेंचच्या त्या सातव्या पायरीपर्यंत पोचावयास सर्वसाधारण बुद्धीच्या माणसाला सुमारे सहाशे तास लागतात असे आम्ही शिक्षक धरून चालतो. रोज दीड तास दिला तर चारशे दिवस. या काळात वयाचे गुण कमी होतात हे खरे. कॅनडाच्या कोष्टकात तिशीच्या सुरुवातीला दर वर्षाला पाच-सहा जातात. दोन वर्षे लागली तरी अकरा गेले आणि बासष्ट आले. व्यापारी माणसाला याहून जास्त समजावून सांगावयास नको. मात्र परीक्षेचा निकाल कॅनडात दोनच वर्षे ग्राह्य धरतात. म्हणून शिकावयास लवकर लागावे आणि परीक्षेस अर्जाच्या बेताने बसावे.

नवरा-बायको दोघे जाणार असतील, तर मुख्य अर्ज नवऱ्याच्याच नावे असावा असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. कायद्याला तो ठाऊक नाही. दोघेही पात्र असतील तर कोणाच्याही नावाने अर्ज करता येतो. ज्या घरात सुनेचे फ्रेंच किंवा इंग्रजी मुलापेक्षा सरस आहे, तेथे दोन्ही बेरजा करून पाहाव्यात. प्रतिष्ठेपायी पन्नास गुण सोडून देणारी घरे आहेत.

एक इशारा दिल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. “प्रमाणपत्राची काळजी करू नका, ते आम्ही पाहून घेऊ” असे सांगणारे लोक प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. अर्जात खोटी माहिती आढळली तर कॅनडा पाच वर्षे दार बंद करतो. आणि ते दार एजंटासाठी नव्हे, तुमच्या मुलासाठी बंद होते. आणि समजा, खोट्या कागदावर तो पोचलाच, तर पुढे काय? विमानतळावरून बाहेर पडल्यावर बोलावे त्यालाच लागेल.

दुसरे असे की नियम बदलतात. नोकरीचे आश्वासनपत्र हाती असले की कॅनडात पन्नास, क्वचित दोनशे गुण मिळत. त्यासाठी लोकांनी लाखो रुपये मोजले. २५ मार्च २०२५ रोजी ते गुण एकदम रद्द झाले. उद्या फ्रेंचच्या फेऱ्याही कमी होतील, मराठीचे पाच गुणही जातील. परक्या सरकारच्या गरजेवर आपला हक्क नसतो. मग शिकलेली भाषा वाया गेली का? ज्याने गुणांपुरती घोकंपट्टी केली त्याची गेली. पण जो खरोखर फ्रेंच शिकला, त्याला कामाची दुसरी दहा दारे उघडी आहेत. जर्मन जाणणाऱ्याला येथल्याच कारखान्यांत मान आहे. अर्जाची फी परत मिळत नाही आणि गेलेले वयही परत मिळत नाही. अर्ज नामंजूर झाला तरी आपल्यापाशी उरते ते एवढेच, शिकलेली भाषा.

तेव्हा घरी गेल्यावर आपल्या मुलाला किंवा मुलीला एक प्रश्न विचारा: ज्या देशात तू जाऊ म्हणतोस, तेथल्या शेजाऱ्याशी तू कोणत्या भाषेत बोलणार आहेस? उत्तर चटकन आले नाही, तर एजंटाकडे जाण्याआधी भाषेच्या वर्गात नाव घाला. आणि तोपर्यंत घरात मराठी धड बोला. तिचेही गुण आहेत, हे आता आपण ऐकलेच आहे.